भाडे हलाल, पण हिशेबही चोख हवा

रमजानचा दुसरा अशरा संपत आला की मुस्लिम घरांत जकातीच्या हिशेबाला सुरुवात होते. सोन्याचा आजचा भाव काय, बँकेत किती पडून आहेत, कोणाकडून किती येणे आहे, हे विचारत लोक तरावीहनंतर इमामसाहेबांभोवती थांबतात. अलीकडे या प्रश्नांत आणखी एक प्रश्न हमखास असतो. ‘एक फ्लॅट भाड्याने दिला आहे, त्याची जकात कशी काढायची?’ त्याच्या मागोमाग दुसरा येतो. ‘थोडे पैसे साठले आहेत, व्याज घ्यायचे नाही, एखादे घर घेऊन भाड्याने द्यावे का?’

दुसऱ्या प्रश्नाला कारण आहे. मुदत ठेवीचे व्याज नको म्हणणाऱ्या कुटुंबाला पैसा गुंतवण्याच्या वाटा थोड्याच असतात. निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी, भिवंडी-मालेगावात यंत्रमाग विकून हाती आलेली रक्कम, रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात गेलेल्यांची वीस वर्षांची कमाई, हा सगळा पैसा फिरून फिरून घरांतच जातो. मुंब्रा, कौसा, मीरा रोड, पनवेल, पुण्यातील कोंढवा येथील अनेक इमारतींतले फ्लॅट याच पैशांतून उभे राहिले. व्याज हराम आणि भाडे हलाल, एवढा मसला सर्वांना पाठ असतो.

पण भाडे हलाल आहे म्हणजे भाड्याचा प्रत्येक व्यवहार आपोआप हलाल ठरत नाही आणि फायद्याचाही ठरत नाही. घर कसे घेतले, कागद कोणाच्या नावावर आहे, डिपॉझिट कशा प्रकारचे घेतले आणि येणाऱ्या भाड्यात कोणाकोणाचा हक्क आहे, यावर ते ठरते. विशेष म्हणजे शरीयतने ज्या गोष्टींविषयी सावध केले आहे, बहुतेक वेळा त्याच ठिकाणी कायदाही अडवतो आणि त्याच ठिकाणी पैसाही बुडतो.

आधी बेरीज-वजाबाकी

घर घेणारे बहुतेक जण फक्त महिन्याचे भाडे पाहतात. एक उदाहरण घेऊ. ठाणे जिल्ह्यात ४० लाखांचा एक फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरले तर २ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण तिची कमाल मर्यादा ३० हजार. दलाली, वकील, रंग, वायरिंग, पंखे, नळ मिळून ९० हजार. म्हणजे घर भाड्याने देण्याजोगे होईपर्यंत ४४ लाख गेले.

भाडे महिना १२ हजार, वर्षाचे १ लाख ४४ हजार. आता वजाबाकी. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामे राहते, १२ हजार. सोसायटीचा मेन्टेनन्स महिना १,८०० म्हणजे वर्षाला २१,६००. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते तो सुमारे १,४००. घरपट्टी ६ हजार. गळती, मोटार, ड्रेनेज अशी किरकोळ दुरुस्ती ८ हजार. एजंट आणि करारनाम्याचा मालकाच्या वाट्याचा खर्च ५ हजार. एकूण ५४ हजार. हातात राहिले सुमारे ९० हजार. ४४ लाखांवर वर्षाला ९० हजार म्हणजे शेकडा दोन रुपये!

हा आकडा पाहून घर घेऊच नये असे नाही. शहरांतील राहत्या घरांचे भाडे साधारणपणे किमतीच्या दोन ते चार टक्क्यांच्या घरातच असते. घर घेणारा खरे तर पुढे वाढणाऱ्या किमतीवर भिस्त ठेवत असतो. पण ज्या विधवेला किंवा निवृत्त माणसाला दर महिन्याला घरखर्च भागवायचा आहे, त्याने सारी पुंजी एका फ्लॅटमध्ये अडकवण्याआधी ही वजाबाकी कागदावर करावी. त्याच पैशांत तालुक्याच्या गावी दोन छोटी घरे किंवा चालत्या रस्त्यावरचा गाळा मिळत असेल तर भाड्याचे प्रमाण जास्त पडू शकते. मात्र गाळा रिकामा पडला की सहा-सहा महिने पडतो. सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवून मगच घर घ्यावे, हा नियम कोणत्याही मालमत्तेला लागू आहे.

सोसायटीचा बिनभोगवटा आकार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे राज्य शासनाने ऑगस्ट २००१ मध्येच ठरवून दिले आहे. घरपट्टी या सेवा शुल्कात धरायची नसते. अनेक मालक सोसायटी मागेल ती रक्कम वर्षानुवर्षे भरत राहतात. पावती एकदा नीट वाचावी.

स्वस्त घराची किंमत

आपल्या वस्त्यांत घर स्वस्त का मिळते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बँकेचे कर्ज नको असलेल्या ग्राहकाला बिल्डर थेट हप्ते बांधून देतो. व्याज नाही, कागदपत्रांची कटकट नाही, म्हणून ग्राहक खूश होतो. पण बँक कर्ज देण्याआधी जी तपासणी करते, ती येथे कोणीच केलेली नसते. बँकेचे व्याज टाळताना बँकेच्या वकिलाचे कामही टळते, आणि ते स्वतः करण्याची जबाबदारी ग्राहकावर येते.

ती टाळल्यास काय होते हे मुंब्र्याने पाहिले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा उभी राहत असलेली इमारत कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. वर बांधकाम सुरू असतानाच खालच्या मजल्यांवर लोक राहायला आलेले होते. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन आणि पुढच्याच महिन्यात भिवंडीची जिलानी इमारत पडली. अशा इमारतींत राहणारे बहुतेक जण हातावर पोट असलेले असतात. स्वस्त मिळाली म्हणून अशा इमारतीत खोली घेऊन ती भाड्याने देणारा मालक स्वतः दुसरीकडे सुरक्षित झोपतो. त्या भाड्याला हलाल म्हणण्याआधी त्याने या गोष्टीचा विचार करावा.

म्हणून बयाणा देण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड कोणाच्या नावावर आहे. महापालिकेचा मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का. इमारत नवी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहावा. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्या गल्ल्यांतल्या बऱ्याच इमारती याच मापात बसवलेल्या असतात. तेथे दुप्पट सावध राहावे. जुने घर असेल तर वकिलाकडून मागील ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. पाच-दहा हजारांचा हा खर्च चाळीस लाख वाचवू शकतो.

दुसरी बाब बाँड पेपरची. मराठवाडा आणि खानदेशातील शहरांत शंभर-पाचशेच्या बाँडवर नोटरी करून प्लॉट आणि घरे सर्रास विकली जातात. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत खरेदीखताशिवाय विकत घेता येत नाही. केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा घराचे भाडे येत राहील, पण घर आपले आहे हे सिद्ध करण्याची वेळ आली तर हाती काही नसेल.

आणि तिसरी बाब वक्फची. कब्रस्तान, दर्गा, मशिदीच्या आजूबाजूची जमीन स्वस्त मिळत असेल तर वक्फ मंडळाच्या नोंदी पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नये. राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, पाणचक्की येथे आहे. वक्फची जमीन विकत घेणारा कायद्याने अडकतो आणि अल्लाहच्या नावे सोडलेल्या मिळकतीवर बसतो, ते वेगळेच.

हेवी डिपॉझिट : सोपी वाटणारी अडचण

मुंबई, ठाणे, पुणे येथे ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत रुळली आहे. भाडेकरू मालकाला पाच-सात लाख रुपये एकरकमी देतो, भाडे काहीच देत नाही किंवा नावापुरते देतो. घर सोडताना पूर्ण रक्कम परत मिळते. मालकाला रक्कम वापरायला मिळते, भाडेकरूला फुकट राहायला मिळते. व्याजाचे नाव कुठेच नाही.

पण अनेक उलेमांनी या व्यवहारावर बोट ठेवले आहे. परत मिळणारी रक्कम म्हणजे कर्ज. त्या कर्जाच्या बदल्यात घर फुकट किंवा बाजारभावापेक्षा फार कमी भाड्यात वापरायला मिळत असेल, तर कर्जावर घेतलेला तो फायदा आहे, आणि कर्जावरचा ठरलेला फायदा व्याजातच मोडतो. सरकारही याकडे काहीसे असेच पाहते. भाडे करारावरील मुद्रांक शुल्क काढताना परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के रक्कम भाड्यातच धरली जाते.

व्यवहाराच्या बाजूने पाहिले तरी ही पद्धत दोघांनाही धोक्याची आहे. मालक डिपॉझिट लग्नात, धंद्यात किंवा दुसऱ्या घरात घालतो. भाडेकरू जायला निघाला की नवा भाडेकरू शोधून त्याच्या पैशातून जुन्याचे भागवतो. ही साखळी एकदा तुटली की भांडण पोलीस ठाण्यात जाते. एकच फ्लॅट दोघा-तिघांना देणे, बँकेकडे गहाण असलेला फ्लॅट देणे, करारात ५० हजार लिहून हातात पाच लाख घेणे, हे प्रकार याच पद्धतीत घडतात. करारात न लिहिलेले साडेचार लाख भाडेकरू कोणत्या पुराव्यावर मागणार?

मालकाला एकरकमी पैशाची खरोखर गरज असेल तर सरळ मार्ग आहे. वर्षाचे किंवा दोन वर्षांचे भाडे आगाऊ घ्यावे आणि ते महिन्या-महिन्याला वळते करावे. हे भाडेच आहे, कर्ज नाही. भाडेकरू मध्येच गेला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करावे. डिपॉझिट म्हणून दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम घ्यावी आणि ती अमानत समजून वेगळी ठेवावी.

पागडीच्या खोलीची गोष्टही अशीच समजून घेतली पाहिजे. डोंगरी, मदनपुरा, भेंडी बाजार भागांत पागडी देऊन खोली घेणारा स्वतःला मालक समजतो. कायद्याने तो भाडेकरूच असतो. घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय ती खोली तिसऱ्याला भाड्याने दिली तर त्याच कारणावरून त्याला घराबाहेर काढता येते. भाडे कमावण्यासाठी पागडीची खोली घेणे म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पेरणी करणे.

नाव कोणाचे, पैसा कोणाचा

कर्जाऐवजी भावाभावांनी किंवा मित्रांनी मिळून घर घेण्याकडे कल वाढतो आहे. भागीदारी चांगली, पण खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा टक्केवारीने लिहिलेला असावा. ‘घरातलीच माणसे आहेत’ म्हणून एकाच्याच नावावर केलेली खरेदी पुढच्या पिढीत हमखास वादाला जाते.

राहते घर केवळ महिलांच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ४० लाखांवर ४० हजार वाचतात, म्हणून अनेक जण पत्नीच्या नावावर घर घेतात. मग भाडे मात्र पती आपल्या खात्यात घेतो. इस्लाममध्ये पत्नीची मिळकत पूर्णपणे तिची असते. घर तिला दिले असेल तर भाडे तिचे आहे, त्यातून साठलेल्या रकमेची जकात तिच्यावर आहे आणि ते खर्च करण्याचा अधिकारही तिचा आहे. हिबा करायचा असेल तर देणाऱ्याने स्पष्ट सांगणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा प्रत्यक्ष देणे, या तिन्ही गोष्टी व्हाव्या लागतात. तोंडी हिबा मुस्लिम कायद्यात मान्य असला, तरी लेखी आणि नोंदणीकृत असलेला बरा.

आखातात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला भाडे देतानाच ३० टक्के आणि त्यावरील उपकर कापून सरकारजमा करावा लागतो. गावी असलेल्या भावाला मुखत्यारपत्र देताना ते ठरावीक कामापुरतेच असावे. भाडे वसूल करण्याचा अधिकार द्यावा. विकण्याचा अधिकार गरज पडल्यावर वेगळा देता येतो.

करार लिहा, नोंदवा

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत उधारीचे व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याविषयी आहे, हे मशिदीत अनेकदा ऐकलेले असते. तरीही भाड्याचे घर ‘आपल्याच माणसाला’ तोंडी दिले जाते.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार प्रत्येक भाडे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले याविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

खर्च मात्र फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के असते. भाडे १२ हजार आणि डिपॉझिट ५० हजार असेल तर अकरा महिन्यांसाठी तीनशे-चारशे रुपये होतात. वर नोंदणी फी. आधारवर अंगठा लावून घरबसल्या नोंदणी होते. याच कायद्यात आणखी एक फायदा आहे. राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपूनही ते सोडले नाही तर मालक दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि जास्तीच्या मुक्कामाची भरपाई दुप्पट दराने मागू शकतो.

करारात भाडे, डिपॉझिट, मुदत, नोटिशीचा काळ, वीज-पाणी-मेन्टेनन्स कोण भरणार, रंगाचे पैसे कापणार की नाही आणि जागेचा वापर कशासाठी, हे सारे असावे. गाळा देताना वापराचे कलम विशेष महत्त्वाचे. नंतर तेथे लॉटरीचे दुकान निघाले की मग मसले विचारण्यात अर्थ नसतो. किल्ली देताना मीटरचे आकडे आणि घरातील वस्तूंची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्यावी आणि सोसायटीला लेखी कळवावे.

भाडे रोख न घेता खात्यात घ्यावे. आयकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचे १ लाख ३२ हजार भाडे आले, घरपट्टी ६ हजार भरली, तर १ लाख २६ हजारांवर ३७,८०० वजा होऊन ८८,२०० एवढेच उत्पन्न धरले जाते. एवढी सवलत असताना भाडे लपवण्याचे कारण उरत नाही.

घर कोणाला द्यायचे?

मोठ्या शहरात नाव सांगताच घर नाकारले जाण्याचा अनुभव मुस्लिम कुटुंबांना नवा नाही. फोनवर ठरलेले घर प्रत्यक्ष भेटीत ‘कालच गेले’ होते. हा अपमान ज्यांनी गिळला आहे, त्यांच्यापैकी कोणी मालक झाल्यावर स्वतः काय करतो, हेही पाहिले पाहिजे. ‘आपल्या मसलकचाच हवा’, ‘आपल्या बिरादरीचाच हवा’, ‘एकटी बाई नको’, ‘घटस्फोटित नको’, ‘परप्रांतीय कारागीर नको’ अशा अटी आपल्या वस्त्यांतही ऐकू येतात. भाडेकरू निवडताना त्याची नोकरी, आधीच्या मालकाकडील व्यवहार आणि भाडे देण्याची ऐपत पाहावी. परीक्षेसाठी आलेली विद्यार्थिनी किंवा रात्रपाळी करणारी नर्स वेळेवर भाडे देणारी, घर जपणारी भाडेकरू असू शकते.

भाडे थकले की पाणी तोडणे, मीटर बंद करणे हे प्रकारही होतात. योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सुविधा तोडणे याच कायद्याने गुन्हा आहे. थकबाकीसाठी नोटीस हा मार्ग आहे. पण त्याआधी एकदा दार ठोठावून विचारावे. कामगाराचे कारखान्यातील काम गेले असेल किंवा घरात आजारपण असेल, तर मुदत देणे हा रमजानने शिकवलेला सब्रच आहे.

येथे एक नेमका मसला आहे आणि तो दरवर्षी चुकतो. गरीब भाडेकरूचे थकलेले भाडे माफ करून मालक ती रक्कम जकातीत धरतो. हनफी फिकहनुसार अशी जकात अदा होत नाही, कारण जकातीत गरजूला रकमेचा मालक करावे लागते. भाडेकरू जकातीस पात्र असेल तर रक्कम त्याच्या हातात द्यावी. नंतर त्याने आपल्या मर्जीने त्यातून थकबाकी चुकवली तर हरकत नाही. ‘एका हाताने देतो आणि दुसऱ्याने घेतो’ अशी अट मात्र घालू नये.

जकातीचा हिशेब

भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. घर ४० लाखांचे असो की चार कोटींचे. जकात लागते ती भाड्यातून साठलेल्या पैशावर. वर्षभरात ९० हजार हातात आले, ६० हजार घरखर्चात गेले, तर जकातीच्या तारखेला उरलेले ३० हजार इतर रोख रक्कम, बँकेतील शिल्लक आणि सोन्या-चांदीत मिळवावे. येणे असलेली उधारी धरावी, देणी वजा करावीत. बेरीज निसाबइतकी, म्हणजे साडेबावन्न तोळे किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी किंवा त्याहून अधिक झाली, तर अडीच टक्के जकात. वर्ष चांद्र मोजावे. तारीख एकच ठरवून दरवर्षी तीच पाळावी.

पण घर किंवा प्लॉट घेतानाच ‘भाव वाढला की विकायचा’ असा इरादा असेल, तर तो व्यापाराचा माल ठरतो आणि दरवर्षी त्याच्या चालू बाजारभावावर जकात लागते. दहा प्लॉट घेऊन ठेवणारे आणि एकाचीही जकात न काढणारे या ठिकाणी चुकतात. डिपॉझिटची जकात मालकाने काढायची की भाडेकरूने, याविषयी उलेमांची मते एकसारखी नाहीत. त्यासाठी आपल्या मुफ्तीसाहेबांना पूर्ण हकीकत सांगून विचारावे.

भाड्यात आणखी कोण आहे?

हा सगळा हिशेब बरोबर आला तरी एक जागा राहते, आणि ती सर्वांत अवघड आहे. वडील गेले. त्यांचे तीन गाळे भाड्याने आहेत. थोरला भाऊ भाडे वसूल करतो. आई आहे, दोन भाऊ आहेत, एक लग्न झालेली बहीण आहे. दुसरे कोणी वारस नाहीत. महिन्याचे भाडे २४ हजार. कर्ज आणि वसियत फेडल्यानंतर आईचा आठवा हिस्सा, म्हणजे ३ हजार. उरलेल्या २१ हजारांचे पाच भाग. दोन-दोन भाग प्रत्येक भावाचे, म्हणजे ८,४००. एक भाग बहिणीचा, म्हणजे ४,२००.

हे ४,२०० रुपये किती घरांत बहिणीच्या हातात पडतात? दहा वर्षे दिले नाहीत तर रक्कम ५ लाख ४ हजार होते. ईदला साडी आणि मुलांना ईदी दिली की भावाला वाटते, बहिणीचे केले. ईदी आणि हिस्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तिने माफ केले आहे’ असेही सांगितले जाते. पण माहेरचे दार बंद होईल या भीतीने दिलेली माफी आणि स्वतःचा हिस्सा हातात घेऊन मोकळ्या मनाने परत दिलेला पैसा, या दोन्हींत फरक आहे. आणि जो पैसा आपला नाही, त्यातून काढलेली जकात, बसवलेला इफ्तार, केलेला उमराह कोणाच्या खात्यात जमा होणार, हे ज्याने-त्याने स्वतःलाच विचारावे.

हे सुधारणे कठीण नाही. वारसांची यादी करावी, मुफ्तीसाहेबांकडून हिस्से काढून घ्यावेत, घरपट्टी आणि दुरुस्तीचा खर्च सर्वांच्या वाट्यातून हिस्सावारीने वजा करावा आणि उरलेले भाडे ज्याच्या-त्याच्या खात्यात पाठवावे. मिळकतीच्या नोंदीत सर्व वारसांची नावे लावून घ्यावीत. मागील थकबाकी एकदम देता येत नसेल तर बहिणीला रक्कम सांगून, लिहून, हप्ते ठरवून द्यावी. नवे घर घेऊन भाड्याने देण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी जुन्या गाळ्यांचा हा हिशेब मिटवावा. ईदचा चाँद दिसायला अजून काही दिवस आहेत, आणि बहिणीला फोन करायला पाच मिनिटे लागतात.